लहान चेनव्हील

थोरला मुलगा घाट उतरताना एका वळणावर भरधाव सायकलवरून पडला, तो गेलाच. अजूनही रस्त्यात सायकलच्या चाकाची टिकटिक ऐकू आली, की आई हातातलं काम टाकून दाराशी यायची. त्यात धाकट्यालाही तेच वेड लागलं, तेव्हा त्याच्या नकळत तिनं त्याची सायकल मेकॅनिककडे नेली.

"भाऊ, पेडलजवळचं मोठं दातेरी चेनव्हील काढून लहान बसवा. कितीही पाय मारले तरी वेग वाढता कामा नये."

"बसवतो, ताई. पण पोरगं मला शिव्या घालेल."

"घालू दे. शिव्या घालायला घरी तर येईल!"

रविवारी त्याचा फोन आला.



"आई, आज पाय काय हलके चालले गं! पहिल्यांदाच पूर्ण घाट चढलो. आता दादाच्या वळणावरून खाली येतोय."