पाचशे अडतीसचा ठिपका

माणसाची खरी पारख वाळवंटातच होते, असं बेरेंड गेली एकोणीस वर्षं ठासून सांगत आला होता. वाळवंटात तो स्वतः एकदाही गेला नव्हता. त्याला समुद्रकाठची वाळूसुद्धा सोसत नसे, मोज्यांत जाते म्हणून. आत्ता, जानेवारीतल्या सकाळी साडेअकराला, तो बायकोच्या, रिकाच्या, सत्तराव्या वाढदिवसाला पाहुण्यांच्या गोलात बसला होता. मांडीवर केकची बशी आणि बशीखाली फोन.

फोनवर नकाशा होता. पिवळं वाळवंट आणि त्यात सरकणारे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे रॅलीतला एकेक ट्रक. पाचशे अडतीस नंबरचा ठिपका म्हणजे यूस्ट, त्याचा मुलगा.

तो ठिपका चोवीस मिनिटं हलला नव्हता.

शेजारीण टिनेके आली आणि तिथल्या रीतीप्रमाणे गोलातल्या एकेकाचंही हात मिळवून अभिनंदन करत निघाली. "अभिनंदन, ओटो, बहिणीबद्दल! अभिनंदन, बेरेंड, बायकोबद्दल!"

"तुमचंही," बेरेंड म्हणाला. "शेजारणीबद्दल."

"काय दाजी, लिंबू चोखल्यासारखं तोंड का?" ओटोने विचारलं. "आपलं पोरगं कितवं आहे?"

"नववं."

"नववं! अख्ख्या हॉलंडात सायकल दमेल अशी टेकडी नाही, आणि आमचा भाचा वाळूच्या डोंगरांवर ट्रक चढवतोय!"

गोल हसला. बेरेंडही हसला, नुसत्या दातांनी. टायर फुटला असेल, तो मनाशी म्हणाला. टायर बदलायला वेळ लागतो. मऊ वाळूत तर लागतोच.

मग दुसरा एक ठिपका आला आणि पाचशे अडतीसला चिकटून थांबला. पाठोपाठ तिसरा.

ओटोने वाकून पाहिलं. "हे बघा, सोबत आली त्याला. उगाच काळजी करता तुम्ही."

बेरेंडने नकाशा मोठा करून पाहिला. फुटलेल्या टायरसाठी शर्यतीत कोणी थांबत नाही, हात हलवून पुढे जातात. थांबतात ते माणसं अडकली असली तरच, तसा नियमच आहे. पहिला थांबतो तो पडलेला, पुढचे थांबतात ते मदतीला. एकोणीस वर्षांत त्याने हे कितीतरी वेळा पाहिलं होतं, दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत, हातात बीअरचा ग्लास घेऊन. तेव्हा त्याला ते फार रंगतदार वाटलं होतं.

त्याने बशी फोनवर नीट सरकवली. रिकाला कळता कामा नये. निदान पाहुणे जाईपर्यंत तरी.

दुसऱ्या कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा फिरला. एका कपाला एक बिस्कीट, की लगेच झाकण. या गावात लग्नं मोडली होती, चर्चमध्ये भांडणं झाली होती, पण ते झाकण उघडं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आज डबा एकदा फिरला, पुन्हा फिरला, आणि तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा टिनेकेचा चेहराच उतरला.

"बेरेंड," ती कुजबुजली, "रिकाची तब्येत बरी आहे ना?"

बेरेंडने मान वर केली. रिका किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पाहुण्यांकडे बघत नव्हती. ती त्याच्या मांडीवरच्या बशीकडे बघत होती.

आत ओट्यावर तिचा टॅब्लेट होता आणि त्यावरही हाच नकाशा दिसतो, हे त्याला तेव्हा आठवलं. म्हणजे अर्धा तास दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि अकरा माणसांना साखर विचारत होती.

तो उठणार, तोच बशी थरथरली. नकाशाखाली संयोजकांची बातमी आली होती. त्याने ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. पाचशे बेचाळीस नंबरचा चेक लोकांचा ट्रक कड्यावरून उलटला होता. ठिकाण कळवणाऱ्या यंत्राचा चुरा झाल्याने त्याचा ठिपका नकाशावरून पुसला गेला होता. मदतीला सगळ्यांत आधी थांबला तो पाचशे अडतीस. आतल्या तिघांना बाहेर काढलं आहे, हेलिकॉप्टर निघालं आहे.

आणि पाचशे अडतीस हलला. आधी मुंगीसारखा, मग भरभर. नववा नंबर गेला होता. आता तो एकतिसावा होता.

बेरेंड ताडकन उभा राहिला. केक गालिच्यावर पडला. त्याने रिकाकडे बघून मान डोलावली, एकदाच. रिकाने किटली दोन्ही हातांनी धरली आणि चौकटीला टेकली.

त्याला हसायचं होतं. पण कुठल्याशा चेक गावात एक बाप असाच बसला असेल, हे त्याच्या मनात आलं. त्या बापाच्या नकाशावर बघत बसायला ठिपकासुद्धा नव्हता.

गोल त्याच्याकडे वळला. दाजी भाषण करणार, असं समजून ओटोने कप खाली ठेवला आणि टाळ्यांसाठी हात मोकळे केले. बेरेंडने तोंड उघडलं.

"अहो," दारातून रिका म्हणाली. "उभेच आहात, तर टिनेकेला थोडं दूध आणून द्या. बिचारी कधीची काळी कॉफी पितेय."