मुख्य अर्जदार

"आणि माणूस गेलं तर?" औषधांचं दुकान असलेल्या गृहस्थांनी विचारलं. "तिथं चौकशी होते, की लगेच उरकून टाकतात?"

सल्लागारबाईंचं पेन थांबलं. उतारवयात परदेशी राहू बघणाऱ्या जोडप्यांना देश आणि घर शोधून द्यायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. लोक हवापाणी विचारत, भाजीचे भाव विचारत, नातवंडांना यायला विमान सोपं पडेल का ते विचारत. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"कुठल्या देशाबद्दल म्हणताय?"

"तिन्ही."

बोट मात्र तिसऱ्या कागदावर होतं. बेटांचा देश. समुद्राकाठी घर, शेजार कोसभर लांब, डॉक्टर पंधरा दिवसांनी बोटीनं येणार. दवाखाना किती तासांवर, आपली भाषा कोणाला कळते का, अडीअडचणीला बोट मिळते का, सगळं खोदून खोदून त्यांनी या बेटाबद्दलच विचारलं होतं. पहिल्या देशातल्या उकाड्याबद्दल दोन शब्द, दुसऱ्या देशातल्या डोंगरगावाबद्दल तर तेवढेही नाहीत.

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको अंग चोरून बसली होती. तासाभरात ती एकच वाक्य बोलली होती. "ह्यांना पसंत पडेल ते."

चहा आला. तिनं दोन्ही कपांत साखर घालून ढवळली आणि एक नवऱ्यापुढे सरकवला. तो त्यांनी उचललाच नाही. "अगं, तो दे इकडे," म्हणून तिच्या हातातला कप काढून घेतला, आपला तिच्यापुढे ठेवला आणि मगच प्यायले. तिचा चहा तसाच निवला.

बायकोला घोटभर चहाही सुखानं पिऊ देत नाही हा माणूस, बाईंच्या मनात आलं. बोलणं किती गोड. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तेवढ्यात बायकोची बाही मागे सरकली. मनगटावर बोटांचे लाल वळ होते. तिनं बाही खाली ओढली, पण सावकाश.

बाईंची थोरली बहीण अशीच नवऱ्यामागोमाग दूरदेशी गेली होती. तिच्या पत्रांत सगळं छान असायचं. शेवटी घरी आली ती लाकडी पेटी. त्या दिवशी बाईंनी देवापुढे हात जोडून नेम केला होता, की दोघांत जो कमी बोलतो त्याचं जास्त ऐकायचं. आजवर तो मोडला नव्हता.

"फोटो लागतील," बाई गृहस्थांना म्हणाल्या. "खालीच स्टुडिओ आहे. आधी तुम्ही जाऊन या."

"हिला घेऊनच जातो."

"एकेकानंच जायचं. त्याची खोली म्हणजे काडेपेटी आहे हो."

ते उठले, दाराशी जाऊन वळले. "हिच्या हातात काही कागद देऊ नका," थट्टेनं म्हणावं तसं म्हणाले. "विसरभोळी आहे ती."

दार लागलं. बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "ताई, खरं सांगा. भीती वाटते का?"

"वाटते," ती खाली बघत म्हणाली. "रोज वाटतं, आज काहीतरी होणार."

"घरात कोणाला सांगितलंत?"

"मुलगा म्हणतो, बाबा वयामुळे संशयी झालेत. मनावर घेऊ नकोस."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "मी तुम्हाला मुख्य अर्जदार करते. मग घर तुम्ही निवडायचं, सही तुमची, दोघांचे पासपोर्ट तुमच्याजवळ, तिकिटंही तुम्हीच सांगाल ती. तुमच्याशिवाय त्यांना पाऊल हलवता येणार नाही."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "असं करता येतं?"

"मी करते."

गृहस्थ धापा टाकत परत आले तेव्हा फॉर्म तयार होता.

"तिकडचा नियम आहे," बाई म्हणाल्या. "वयानं लहान तोच मुख्य अर्जदार." इतकं धडधडीत खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. मनातल्या मनात त्यांनी देवाची क्षमा मागितली.

गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. "मग राहू द्या. नकोच जायला."

"अहो, घर विकलंय," बायको हळूच म्हणाली. "एक तारखेला किल्ल्या द्यायच्या. मुलाच्या दोन खोल्यांत आपली वळकटी कुठं मावणार?"

सही करताना त्यांचं पेन दोनदा कागदात रुतलं. केवढा हा राग, बाईंना वाटलं.

निघताना ते थबकले. "बाई, मुलंबाळं आहेत तुम्हाला?"

"दोन मुली."

"देव त्यांचं भलं करो."

ते आणखी काही बोलणार होते. पण बायकोनं दंड धरून त्यांना बाहेर नेलं. मुलींबद्दल याला कशाला हवं, म्हणून बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दोन दिवसांनी ती एकटी आली. चेहरा निवळलेला, चालही मोकळी.

"आणि ते?"

"घरी पडून आहेत. पोट बिघडलंय."

बाईंनी उत्साहानं डोंगरगावाचा कागद पुढे केला. "हेच घ्या. समोर रुग्णालय, कोपऱ्यावर पोलीस चौकी, आपली भाषा बोलणारी तीन कुटुंबं. हाक मारायचा अवकाश, माणूस हजर."

तिनं तो वाचलाही नाही. बेटाचा कागद ओढून घेतला आणि खाली सही केली. वळणदार, एका दमात.

"ताई, आता त्यांच्या आवडीचं बघायची गरज नाही," बाई कळवळून म्हणाल्या. "त्यांचा डोळा होता त्या घरावर, म्हणून घेऊ नका."

"त्यांना नाहीच आवडलेलं. मला आवडलंय."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचा फॉर्म काढला. "तिकिटं?"

"जायची दोन," पेनाला टोपण लावत ती म्हणाली. "यायचं एकच. माझ्या नावाचं."