गौरींच्या मखरात

थोरल्या गौरीच्या निऱ्या नीट करायला वाकले आणि कमरेत उसण भरली. उठवेना, म्हणून तिथेच मखरात दोघींच्या मधे टेकले. बाराला सवाष्णी जेवायला येणार होत्या आणि पुरण वाटायचं बाकी होतं. रडूच यायला लागलं.

समोर पाहिलं आणि नवल वाटलं. इतकी वर्षं गौरी बसवतेय, पण त्यांना इथून काय दिसतं, हे कधी बघितलंच नव्हतं. माझी रांगोळी चौरंगाआड लपली होती. दिसत होता थेट आतला ओटा. म्हणजे माहेरपणाला आलेल्या या दोघी दिवसभर माझी धावपळच बघत असणार! इतकी दमलेली दुसरी कुणाची लेक दिसली असती, तर मी तिला हाताला धरून बसवलं असतं.

सासूबाई दारात आल्या. "अगं, तिथे काय करतेस?"

"बसलेय, आई. थोडा वेळ बसूनच राहीन म्हणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गौरींकडे. आत वळून लेकाला हाक मारली, "प्रमोद, सोवळं नेस आणि पुरण वाटायला ये!"

"अहो आई, त्यांना जमेल का?"

"तू गप गं. माहेरी आलेल्या लेकी स्वयंपाकात लक्ष घालत नाहीत."