ओदार्तेचे शुक्रवार

अर्धा चेहरा उमटला आणि ओदार्तेचा हात थांबला.

"ओढ की," अदोले म्हणाली. "आजोबांचं नाक आलं, तोंड राहिलं. अशानं म्हातारा वर जाऊन तुझी तक्रार करील."

ओदार्तेने पट्टी पुन्हा दाबून ओढली. लाकडी मुठीत बसवलेली जाड रबराची पट्टी. छपाईवाले तिला स्क्वीजी म्हणत. शाई घेऊन ती जाळीवरून एका दमात फिरली, की खालच्या टी-शर्टवर मेलेल्या माणसाचा हसरा चेहरा उतरे. घानाच्या राजधानीत, आक्रात, अंत्यविधी शनिवारी, त्यामुळे शुक्रवारी छापखान्यात पाय ठेवायला जागा नसे. त्याच्यासारखा सफाईदार हात गल्लीत दुसऱ्या कोणाचा नव्हता.

हात सफाईदार झाला होता तो चौकात. तेव्हाही हातात रबरी पट्टीच असे, फक्त लहान. सिग्नल लाल झाला की गाडीवाल्याला न विचारता काचेवर साबणाचा फेस उडवायचा. एकदा काच पांढरी झाली की ती पुसून घेऊन सुटे पैसे द्यायला बिचारा नाही कशाला म्हणतोय! चौकातल्या सगळ्यांची हीच युक्ती होती.

सहा वर्षांपूर्वी त्याने असाच फेस उडवला आणि त्याच क्षणी सिग्नल हिरवा झाला. ड्रायव्हर शिव्या हासडत तसाच निघाला. मागोमाग टायर किंचाळले. ओदार्तेने वळून पाहिलं, तर फेसाची गाडी आडवी उभी होती आणि पाण्याच्या पिशव्या विकणारी कोर्को तिच्यापुढे रस्त्यावर पडली होती. चौकात काही विपरीत झालं की जमाव आधी साबणवाल्याला बडवतो, चौकशी मागाहून. तो जो पळाला, तो पुन्हा त्या चौकात फिरकला नाही.

कोर्कोचा डावा पाय गुडघ्यातून गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी तो तिच्याकडे जाई. दूर टेमा शहरातल्या मोठ्या छपाई कारखान्याने त्याला दोनदा बोलावलं. शुक्रवार चुकतील म्हणून तो गेला नाही.

"उद्या तुझे काका बाटल्या घेऊन आमचं दार ठोठावायला येणार ना?" अदोलेने विचारलं. लग्नाची मागणी घालायची तीच रीत होती.

"येणार."

"मग आज जा आणि तिला सांगून ये. सांगायचं नसेल तर काकांना म्हणावं, बाटल्या घरीच बसून प्या."

"तिनं मला हाकलून दिलं तर?"

"तर दिलं. ते तिला ठरवू दे. सहा वर्षं चोरासारखा जातोस आणि सुतकी तोंड घेऊन येतोस. मला अर्धा नवरा नको, ओदार्ते."

संध्याकाळी तो केंके, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेले मासे घेऊन निघाला. कोर्कोच्या खोलीत गटाराचं पाणी शिरलं होतं. ती कुबडी मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. त्याने कोपऱ्यातली लांब दांड्याची पट्टी उचलली आणि मुकाट्याने पाणी उंबऱ्याबाहेर लोटायला लागला.

"अरे, जमीन सोलून काढतोस की काय!" कोर्को हसली. "काय झालं? पोरगी नाही म्हणाली?"

"तसं नाही, मावशी."

"मग हो म्हणाली असेल. पुरुषांची तोंडं दोन्ही वेळी सारखीच पडतात."

शेजारीण दारात डोकावली. "आला का गं तुझा शुक्रवार? एवढी माया पोटचा मुलगाही करत नाही. त्या दिवशी चौकात जर..."

"तुझं कालवण करपतंय, जा," कोर्कोने तिला तोडलं.

ती नेहमी अशीच तोडायची. तिला ती आठवण सोसत नाही, असं ओदार्तेला वाटे, आणि त्याचा जीव आणखी तुटे. तो स्वतः तर विषय निघण्याआधीच बादली घेऊन नळावर पळायचा. आज पळायचं नव्हतं. त्याने पट्टी भिंतीला टेकवली आणि ओल्या जमिनीवर गुडघे टेकले.

"मावशी, तुझा पाय माझ्यामुळे गेला."

केंकेचं पान सोलणारे तिचे हात थांबले.

"त्या गाडीच्या काचेवर फेस मी उडवला होता. ड्रायव्हरला तू दिसली नाहीस. आणि मी पळालो, मावशी. तुला तशीच टाकून पळालो." त्याला रडू आवरेना. "मार मला. शिव्या दे. पण काहीतरी बोल."

तिने पान खाली ठेवलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"ऊठ. भिजशील."

"आधी बोल."

"त्या ड्रायव्हरला दिसत नव्हतं, म्हणून तर तो लगेच थांबला," ती हळूच म्हणाली. "मला उडवलं ते समोरून सिग्नल तोडून आलेल्या ट्रोट्रोनं. भरलेली व्हॅन, थांबलीसुद्धा नाही. मला उचललं ते तुझ्या फेसाच्या गाडीवाल्यानं. त्याच्याच गाडीतून दवाखान्यात गेले. काचेच्या कडेला तुझा साबण वाळत होता, तो बघत गेले."

ओदार्ते गुडघ्यांवरच राहिला. बाहेर शेजारणीच्या पळीचा आवाज येत होता.

"मी कशासाठी येतो, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच शुक्रवारी कळलं. तुझ्या तोंडावरच लिहिलं होतं."

"आणि सहा वर्षं..."

"दर वेळी ठरवायचे, आज सांगायचं." कोर्कोने खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडावर घेतलं. "पण सांगितलं असतं, तर पुढच्या शुक्रवारी माझ्याकडे कोण आलं असतं रे?"