फोटोतली झाडं

नत्थुजींनी गाडी घराकडे वळवलीच नाही. वरूडच्या स्टँडवरून लेकीला आणि तिच्या बॅगेला मोटरसायकलवर कसंबसं बसवलं ते थेट संत्र्याच्या बगिच्याच्या रस्त्याला लागले. आई भाकरतुकडा घेऊन दारात ताटकळत असेल, असं आचलनं दोनदा सांगून पाहिलं. पण ऐकेल तो बाप कसला! अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निवड होऊन पोरगी तिकडच्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये फळबागा शिकून आली होती, आणि तिला दाखवायची एक गोष्ट हा माणूस दोन महिने पोटात दाबून बसला होता. नत्थुजींच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. तरी ती राहिली होती.

धुऱ्यावर उतरल्यावर त्यांनी तिला डोळे मिटायला लावले. हाताला धरून चार पावलं पुढं नेलं आणि म्हणाले, "आता पाय."

आचलनं पाहिलं. बगिचा नव्हता. म्हणजे होता, पण झाडाझाडाचं कमरेएवढं बोडकं खोड तेवढं उरलं होतं. पार विहिरीपर्यंत ओळीच्या ओळी तशाच.

"तू सांगतलं तसंच केलं," नत्थुजी म्हणाले. "एकबी झाड नाई सोडलं."

तिनं काय सांगितलं होतं? गेल्या गेल्या घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. तिथल्या एका जुन्या बागेतली छाटलेली खोडं, त्यांना फुटलेले हिरवे कोंब, आणि खाली तिचीच ओळ : म्हातारी झाडं इथं अशी तरणी करतात. बस. ही छाटणी थंडी सरताना करतात, खोडाला ऊन लागू नये म्हणून चुना लावतात, हे सगळं तिथल्या सरांनी सांगितलं होतं, तिनं वहीत उतरवलंही होतं. फोटोखाली कोण एवढं लिहितं? आणि बापानं मेअखेरच्या ऐन नवतपात, माणूस सावलीबाहेर पाय टाकत नाही अशा उन्हात, सगळी झाडं उघडी करून टाकली.

ती एका खोडाजवळ बसली. साल उभी तडकली होती आणि फटीतून डिंक ओघळून वाळला होता. तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसरं खोड पाहिलं, तिसरं पाहिलं. मग पाहणं सोडून दिलं. तिला रडू आलं नाही, स्वतःचा भयंकर राग मात्र आला.

"बाबा, मले एक फोन तरी करायचा. विचारलं काऊन नाई?"

"विचारायचं काय त्यात?" नत्थुजींना खरंच कळेना. "लेक एवढ्या दुरून फोटो धाडते, तं उगाच धाडते का?"

कोंब जरा उशिरा येतात आपल्याकडं, काळी जमीन आहे ना, असं वर त्यांनी तिलाच समजावलं. तिची आई लीलाबाई रोज सकाळी येऊन पाहून जाते म्हणाले. परवा एका खोडावर तिला हिरवं दिसलं होतं, पण ती टाकळ्याची पानं निघाली, हेही त्यांनी हसून सांगितलं.

तेवढ्यात शेजारचे महादेवराव धुरा ओलांडून आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कुंकवाची पुडी. त्यांच्या बांधावर भाड्यानं आणलेली करवत आणि ती चालवणारा माणूस, दोन्ही तयार. नत्थुजींची झाडं कापलेली पाहून त्यांचेही हात केव्हाचे शिवशिवत होते, पण नत्थुजींनीच त्यांना थोपवलं होतं. आचल येऊ दे, तिच्या हातानं सुरुवात करू, म्हणून.

"ये माय," महादेवराव म्हणाले. "पयली फांदी तुह्याच हातानं."

नत्थुजी छाती काढून उभे होते. आचलनं त्यांच्याकडं पाहिलं, मग धुऱ्यापलीकडं पाहिलं. महादेवरावांची झाडं गच्च हिरवी होती, बारीक फळांनी लगडलेली. आज दिवस चांगला नाही, उद्या बघू, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण उद्या ती विद्यापीठात हजर व्हायला अकोल्याला गेली असती आणि महादेवरावांनी दुसऱ्या कुणाच्या हातानं नारळ फोडला असता. आणि खरं बोलावं, तर ते बापाच्या तोंडावरच बोलावं लागणार होतं.

"काका, कापू नका," ती म्हणाली. "मरतीन."

महादेवराव आधी हसले. मग त्यांची नजर नत्थुजींच्या ओळींवरून विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. भला माणूस होता. पण आपण वाचलो हे त्याच्या चेहऱ्यावर आलंच, ते काही त्याला लपवता आलं नाही. नारळ त्यांनी धोतराच्या सोग्याखाली घेतला, येतो म्हणाले आणि खाली मान घालून निघून गेले.

नत्थुजी ओरडतील, निदान एखादी शिवी तरी देतील, म्हणून आचल वाट पाहत राहिली.

"एकबी नाई फुटणार?"

"नाई, बाबा."

"तुह्या फोटोत तं फुटले होते."

तो फोटो खरा होता, झाडंही खरी होती. नत्थुजी विहिरीकडं गेले, मोटर सुरू केली आणि ठिबकचा कॉक उघडायला खाली वाकले. आचलला राहवेना. ती मागोमाग गेली.

"बाबा, आता कशाले पाणी?"

"मरत्या माणसाच्या तोंडात घालतेतच ना, माय," नत्थुजी म्हणाले.