टाकीकडे

शेलूबाजारजवळच्या मंगल कार्यालयातलं, वर बसून गवत कापायचं यंत्र सारखं पाण्याच्या टाकीकडे ओढायचं. “बाईच्या हाती स्टेअरिंग देलं का असंच होते,” म्हणत मालकाने ते चालवणाऱ्या ज्योत्स्नाला उद्यापासून येऊ नको सांगितलं.

मिस्त्री सादिकने पुढची चाकं जॅकवर उचलली आणि त्यांना जोडणारा रॉड काढून मांडीवर घेतला. टोकं पार झिजली होती.

“चूक तुमची नाई, ताई. रॉड घासला, म्हून ओढून राह्यलं होतं. मालकाले मी सांगतो.”

“मंग पक्कं बसवा भाऊ. मले उद्या यायचं हाय.”

“पन आता स्टेअरिंग फिरवू नका.”

“मी त इकडे झाडू मारून राह्यली.”

सादिकने वर पाहिलं. सुटी झालेली दोन्ही चाकं एकाच वेळी, सावकाश, टाकीकडे वळत होती. रॉड त्याच्या मांडीवरच होता.