ध्वनीला दोन गुण

बुडापेस्टच्या ध्वनिमुद्रण स्पर्धेत आम्ही दोघं परीक्षक. पिरोश्काबाईंच्या पियानोवादनाला ओडोनसाहेबांनी दहापैकी दहा दिले, ध्वनीला मात्र दोन. “शांत सुरांत बाईंचं स्टूल करकरतं. इतक्या सूक्ष्म मुद्रणात काही लपत नाही हो!” शेरा वाचून म्हाताऱ्या बाईंनी आईकडून आलेलं ते स्टूल फुटपाथवर, वर्षातून एकदा उचलल्या जाणाऱ्या अडगळीत टाकलं. माझं डोकंच फिरलं. स्टूल उचलून मी परीक्षणाच्या खोलीत आणलं. “साहेब, खुर्ची सोडा, यावर बसा.” “वेड लागलंय का तुम्हाला?” “बसा म्हणते ना!” तेच मुद्रण लावलं. शांत सूर आले, गेले. साहेब मागेपुढे झुलले, तरी करकर नाही. “आता तुमच्या सिंहासनावर.” ते टेकले आणि खुर्ची करकरली. ओशाळून त्यांनी घाईनं गुणपत्रिका ओढली. “गुण नंतर. आधी स्टूल उचला. बाई चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही.”